नव्वद मिनिटांचं ड्रेस्डेन आणि रय्यानची भिंत

रंगनाथ घुले दगडाशी बोलतो असं त्याच्या खोलीतले लोक सांगतात, ते खरं नाही. तो दगडाला टिचकी मारतो आणि कान लावतो. बोलायचं काम दगडाचं. आत भेग असेल तर आवाज बसका येतो, नसेल तर ठणठणीत. हाताची ही खोड इतकी मुरलेली की दोह्याजवळच्या एशियन टाउनच्या बाजारात तो शुक्रवारी कलिंगड घ्यायला गेला की दुकानदार मुकाट्यानं सगळ्यात चांगलं काढून देतो. उगाच ढिगातल्या तीस कलिंगडांना टिचक्या मारत बसेल आणि बाकी गिऱ्हाइकांपुढे 'हे कच्चं, हे बसकं' असा निकाल देत सुटेल, ही त्याला धास्ती. खोलीतल्या नंदूच्या टकलावरही त्यानं एकदा टिचकी मारली होती. निकाल मात्र सांगितला नाही, म्हणून नंदू अजून चिडून आहे.

हा रंगनाथ मूळचा जिंतूरकडचा. वडील किसन गवंडी, आजा गवंडी, आणि हा कतारात अकरा वर्षं 'स्टोन फिक्सर'. काम तेच, नाव बदललं. हॉटेलांच्या लॉब्या, बँकांच्या पायऱ्या, बंगल्यांची न्हाणीघरं त्यानं दगडानं मढवली. त्यानं बसवलेल्या फरशीवरून मोठमोठी माणसं चालून गेली, पण फरशी चांगली बसली असेल तर कोणी खाली बघत नाही, आणि वाईट बसली असेल तर सगळे बघतात; त्यामुळे त्याच्या कामाकडे अकरा वर्षांत कोणाचं लक्ष गेलेलं नव्हतं. गावाकडे बायको राणीला तो फोटो पाठवायचा, तेव्हा ती म्हणायची, फरशी छान आहे, पण ह्यात तुम्ही काय केलं? कारण नकाशा दुसऱ्याचा, दगड दुसऱ्याचा, रंग तिसऱ्याचा. तिचंही चूक नव्हतं.

म्हणून अल रय्यान गावातल्या भिंतीचं त्याला एवढं वेड लागलं.

तिथं खलील नावाच्या सत्तरीच्या कतारी गृहस्थांच्या आजोबांची जुनी मजलिस होती, म्हणजे पाहुण्यांना बसवायची बैठक. अंगणाकडची लांब भिंत कलली होती. ती उतरवून तशीच नवी बांधायची, असं काम कंपनीकडे आलं. कागदावर लिहिलं होतं, नवा दगड, एकसारखा रंग. जुने दगड ट्रेलरमध्ये भरून टाकून द्यायचे. रंगनाथनं एका जुन्या दगडाला टिचकी मारली आणि तो घंटेसारखा वाजला. समुद्राकाठचा दगड, शंभर उन्हाळे खाऊन तांबूस झालेला. त्याला किसन गवंड्याचा नियम आठवला. जिंतूरकडे जुनं घर पाडून नवं बांधताना किसन जुन्या भिंतीतले काही दगड नव्या भिंतीत घ्यायचाच. नाहीतर भिंत दारात आलेल्या परक्या माणसासारखी अवघडून उभी राहते, असं तो म्हणायचा. रंगनाथनं निवडून साठ दगड बाजूला काढले आणि नव्या पांढऱ्या भिंतीत इथं एक, तिथं दोन असे बसवले. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुठला दगड कुठं जाईल हे त्याचं त्यानं ठरवलं.

आता कतारात काम सुरू करायच्या आधी हातभर नमुना करून दाखवायचा असतो. त्याला मॉकअप म्हणतात. साहेब लोक येतात, मान वाकडी करतात, सही करतात, मग काम. रंगनाथनं मॉकअप केलाच नाही. विचारलं की लोक 'नको' म्हणतात, आणि न विचारता केलं की फार तर ओरडतात, हे त्यानं घरी आणि दारी दोन्हीकडे अनुभवलं होतं. गुरुवारी भिंत पुरी झाली. शनिवारी तो विमानात बसला. गुन्हा करून इतक्या लांब पळून जायची सोय फार थोड्या गवंड्यांना मिळते.

झालं असं की कंपनीनं दगड कापायचं जर्मन यंत्र घेतलं होतं आणि ते शिकायला कारखान्यात एक इंजिनियर आणि एक कारागीर पाठवायचा होता. इंजिनियर म्हणून अभिजित ठरला. पुण्याचा, अठ्ठावीस वर्षांचा, दोन वर्षांच्या करारावर आलेला, बोलायला गोड. कारागिरांमध्ये रंगनाथची निवड गुणवत्तेवर झाली असं तो सांगतो. बाकीच्या दोघांचे पासपोर्ट संपत आले होते, हे नंदू सांगतो.

तीन दिवसांचं ट्रेनिंग मजेत गेलं. यंत्राला दगडातली भेग आवाजावरून ओळखता येते, हे दाखवायला तिथल्या मास्तरांनी एक दगड ठेवला. यंत्र सुरू व्हायच्या आत रंगनाथनं टिचकी मारून 'फुटका' असं मराठीत सांगून टाकलं. चार मिनिटांनी यंत्रही तेच म्हणालं. मास्तरांनी त्याचा हात इतका वेळ हलवला की अभिजितला वाटलं, आता यंत्र परत घेऊन हाच ठेवून घेतात की काय.

चौथ्या दिवशी, गुरुवारी, सगळ्या देशांच्या शिकाऊ मंडळींना घेऊन बस बर्लिनच्या विमानतळाकडे निघाली. वाटेत ड्रेस्डेन नावाच्या शहरात थांबा होता. महायुद्धात बॉम्ब पडून हे शहर होत्याचं नव्हतं झालं आणि मग लोकांनी जुने नकाशे, जुने फोटो धुंडाळून त्याचा मधला भाग परत होता तसा उभा केला. एक दहाला बस थांबली. ड्रायव्हरनं घड्याळावर बोट ठेवून दोन चाळीस दाखवले आणि मग तेच बोट रस्त्याकडे केलं. जो येणार नाही तो इथंच राहील, हे कुणाला भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

अभिजितनं रात्रीच यादी केली होती. चर्चच्या घुमटावर चढायचं, नदीकाठी फोटो, एक आइस्क्रीम, आणि बायको उर्वीसाठी फ्रिजवर चिकटवायचं लोहचुंबक, ज्याच्याशिवाय घरी यायचं नाही असं तिनं बजावलेलं. रंगनाथची काही यादी नव्हती. त्याच्या फोनला जर्मनीत रेंज नव्हती, तो अभिजितच्या हॉटस्पॉटवर होता, आणि हॉटस्पॉट वीस पावलांपलीकडे पोचत नसल्यानं दाव्याला बांधलेल्या वासरासारखा चार दिवस त्याच्या मागे मागे फिरत होता.

बसमधून उतरून शंभर पावलं झाली नाहीत तोच त्याच्या फोनवर नंदूचा आवाज आला. नंदू रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, कंपनीचा ट्रेलर चालवणारा.

"रंग्या, मेल्या, तू तिकडे गोऱ्यांत मिरव. हकडं तुझी भिंत साडेतीनाला पाडतायत. तो फोडायचा ब्रेकर कोणी आणलान विचारशील तर मीच आणलाय. मला शिव्या घालू नको, माझी ड्युटी."

रंगनाथ रस्त्याच्या मधोमध थांबला. मागून सायकलवाली बाई घंटी वाजवून, मग तोंडानं काहीतरी वाजवून गेली. त्यानं साइटच्या सुपरवायझरला, दानियालला, फोन लावला. दानियाल लाहोरकडचा, मनानं बरा, पण कागदाला भिणारा. त्यानं सगळं सांगितलं. मंगळवारी कन्सल्टंटचा माणूस आला. भिंतीला देवी आल्यासारखं दिसतं म्हणाला. रंग जुळत नाही, मॉकअप नाही, भिंत रिजेक्ट, गुरुवारी पाडा, रविवारपासून नवी सुरू करा. सकाळीच पाडायची, पण ब्रेकर यायला दहा वाजले, आणि जून महिन्यात दहापासून साडेतीनपर्यंत उन्हात काम करायला कायद्यानं बंदी.

"साढ़े तीन तक मैं उसे हाथ नहीं लगा सकता," दानियाल म्हणाला. "उसके बाद रोक भी नहीं सकता."

खलीलबाबांना विचारलं का, असं रंगनाथनं विचारलं. नव्हतं विचारलं. कन्सल्टंट त्यांच्याच वतीनं बघतो, मग त्यांना कशाला त्रास. तीनची नमाज झाली की बाबा साइटवर येऊन सावलीत चहा पितात, तेव्हा हवं तर सांगीन. पण सांगू काय, की एका मेस्त्रीच्या वडिलांचं हिंदुस्तानात असं म्हणणं होतं म्हणून? एवढं बोलून दानियालनं फोन ठेवला.

दोह्याचं घड्याळ इथल्यापेक्षा तासभर पुढे. म्हणजे तिथं अडीच वाजायला आले होते. एक तास. आणि रंगनाथ कुठं, तर चार हजार किलोमीटर लांब, नव्या कोऱ्या बुटांत, दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर. अभिजितला त्याचा चेहरा बघून वाटलं, घरी कोणाचं काही बरंवाईट झालं. भिंतीचं आहे असं कळल्यावर त्याला हायसं वाटलं आणि ते त्यानं चुकून बोलून दाखवलं. त्यानंतर दहा मिनिटं रंगनाथ त्याच्याशी बोलला नाही, फक्त वीस पावलांच्या आत चालत राहिला.

मग ते कोपऱ्यावरून वळले आणि समोर चौकात ते चर्च आलं.

उंच, गोल, घंटेसारख्या घुमटाचं. लोक माना वर करून घुमट बघत होते. रंगनाथ भिंत बघत होता. पिवळसर पांढऱ्या दगडाची भिंत, आणि तिच्यात जागोजाग काळे दगड. इथं एक, तिथं दोन. ज्वारीच्या भाकरीवर कुणी मूठभर काळे तीळ उधळावेत तसे. एका कोपऱ्यात तर वरपासून खालपर्यंत अख्खा पट्टाच काळाकुट्ट.

त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते कारागिराचं: "साहेब, हे कोणी पास केलं?"

अभिजितनं फोनवर बघून वाचून दाखवलं. पंचेचाळीस साली बॉम्ब पडले, शहर पेटलं, दोन दिवसांनी हे चर्च आपसूक कोसळलं. ढिगारा चाळीस-पंचेचाळीस वर्षं तसाच पडून. मग लोकांनी त्यातला एक एक दगड काढला, मोजला, कुठला कुठं होता ते शोधलं, आणि नवं बांधताना जेवढे चालतील तेवढे जुने परत घेतले. काळे ते जुने, पांढरे ते नवे.

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"रंग न जुळता?"

"रंग न जुळता, मेस्त्री. जग बघायला येतं ते हेच."

रंगनाथनं पुढे होऊन एका काळ्या दगडाला टिचकी मारली. मग शेजारच्या पांढऱ्याला. मग परत काळ्याला. आणि तो हसायला लागला. आधी पोटात, मग खांद्यात, मग असा की शेजारच्या जपानी कुटुंबानं आपली मुलं थोडी अलीकडे ओढून घेतली. किसन गवंडी जिंतूरच्या बाहेर फार तर परभणीपर्यंत गेलेला माणूस, आणि इथं एवढ्या मोठ्या देशानं त्याचं ऐकून चर्च बांधलं होतं.

इथून पुढे दावं उलटं लागलं. वासरू पुढे आणि खुंटा मागे. पुरावा हवा, सगळ्या बाजूंनी हवा, म्हणून रंगनाथ फोन उंच धरून चर्चला फेऱ्या मारू लागला, आणि चित्रफीत तिकडे पोचायला हॉटस्पॉट लागतो म्हणून अभिजितही पळू लागला. अभिजितनं नुकतंच आइस्क्रीम घेतलं होतं. पहिल्या प्रदक्षिणेत त्याचा वरचा गोळा गेला, दुसरीत खालचा. तिसऱ्या प्रदक्षिणेला त्यानं विचारलं, घुमटावर कधी जायचं? रंगनाथनं सांगितलं की वरून भिंत दिसत नाही.

वाटेत लाल छत्री धरून एक म्हातारी गाइडबाई पाच-सहा जणांना माहिती देत होत्या. रंगनाथनं अभिजितला त्यांच्यापुढे उभं केलं आणि विचारायला लावलं की ह्या कामावर सही कोणाची. बाईंना प्रश्न दोनदा सांगावा लागला. मग त्या म्हणाल्या, सही पुष्कळांची आहे, पण पैसे, दगड, हट्ट हे सगळं गावाचं. आणि हे पांढरे दगडही हळूहळू काळे पडतात, ह्या जातीचा दगडच तसा. तुमचे पणतू आले तर त्यांना नवा कुठला आणि जुना कुठला ते सांगता येणार नाही. रंगनाथनं हे सगळं त्यांच्याकडून फोनपुढे परत म्हणवून घेतलं. बाई आनंदानं म्हणाल्या. छत्री मात्र दुसऱ्या वेळी जरा सरळ धरली.

दोन वाजून आठ मिनिटांनी त्यानं दानियालला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे तीन आठ. दानियालनं फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"ये किसका काम है?"

"जर्मन का," रंगनाथ म्हणाला.

आखाती बांधकामात नळापासून लिफ्टपर्यंत कशावरही जर्मन असं लिहिलेलं असलं की मोठे मोठे साहेब आवाज खाली घेतात. कन्सल्टंटच्या कागदापुढे ठेवायला दानियालला पहिल्यांदाच काहीतरी वजनाचं मिळालं होतं. तो म्हणाला, फोन चालू ठेव, बाबा आले की देतो.

बाबा यायला दोन वीस झाले. तोवर रंगनाथच्या फोनचा जीव नऊ टक्क्यांवर आला होता आणि अभिजितचा लोहचुंबकात अडकला होता; दुकान समोरच, पण पंचवीस पावलांवर. तो दारापर्यंत जायचा, हॉटस्पॉट तुटायला लागला की रंगनाथ हात करायचा, आणि तो परत यायचा.

फोनमध्ये आधी आभाळ दिसलं, मग पांढरा अंगरखा, मग चष्मा लावणारे खलीलबाबा. बाबांना साइटवरचं हिंदी चांगलं येतं, आयुष्यभर ऐकलेलं. रंगनाथनं सलाम केला आणि फोन भिंतीकडे वळवला. ह्याच्यापुढे काय बोलायचं ते त्यानं तीन प्रदक्षिणांत पाठ केलं होतं, पण ऐनवेळी त्यातलं एवढंच निघालं: "बाबा, काला वाला पुराना. सफ़ेद वाला नया. गिर गया था, फिर बनाया. जानबूझकर."

चित्र हलायला लागलं. ते फोन हातात तसाच धरून चालत निघाले होते. वाळू दिसली, नंदूचे बूट दिसले, ब्रेकरचं पिवळं धूड दिसलं, आणि मग रंगनाथची भिंत. रोज सावलीत बसून लांबून बघितलेल्या त्या भिंतीशी बाबा पहिल्यांदा इतके जवळ गेले होते. त्यांचा हात एका तांबूस दगडावर आला, तिथून दुसऱ्यावर गेला. तिसरा दगड शोधायला मात्र हाताला बराच लांब जावं लागलं.

"बाक़ी कहाँ है?"

रंगनाथला कळेना. बाकी काय?

"मेरे दादा का पत्थर. सात सौ, आठ सौ था. यहाँ पचास-साठ है. बाक़ी कहाँ गया?"

आता खोटं सांगायला वेळ नव्हता, सहा टक्के उरले होते. रंगनाथनं सांगून टाकलं की बाकीचे टाकून दिले. चालण्यासारखे निम्मे तरी होते, सगळे घ्यायचं मनात होतं, पण साहेब लोक ओरडतील म्हणून थोडेच घेतले, दिसले न दिसलेसे. मॉकअपही म्हणूनच केला नाही. भ्यायलो, बाबा.

बाबांनी चष्मा काढला.

"जर्मन नहीं डरा," ते म्हणाले. "तू क्यों डरा?"

आणि फोन मेला.

दोन बत्तीस झाले होते. तिकडे साडेतीन होऊन गेलेले. रंगनाथ काळ्या काचेकडे बघत उभा राहिला. भिंत राहिली की गेली? बाबा खूश झाले की रागावले? अभिजितचा फोन घ्यावा तर त्यात दानियालचा नंबर नाही, आणि पाठ म्हणून रंगनाथला जगात एकच नंबर येत होता, राणीचा. तिला ह्यात काय विचारणार?

"यल्ला, मेस्त्री, चला, बस सुटेल," अभिजितनं त्याचा दंड धरला आणि दोघं पळत सुटले. चौक, ट्रामचे रूळ, चुकीची गल्ली, परत चौक, बरोबर गल्ली. ड्रायव्हर दारातच उभा होता, बोट घड्याळावर ठेवून. ते चढले तेव्हा दोन एकेचाळीस. ड्रायव्हरनं एका मिनिटाचा हिशेब नजरेनं वसूल केला.

बसमध्ये सीटखाली चार्जिंगची सोय होती. फोन जिवंत व्हायला लागलेली सात मिनिटं रंगनाथनं अभिजितचं कौतुक करण्यात घालवली, ते अभिजितला जास्तच भीतीदायक वाटलं. मग एकदम नंदूचे तीन निरोप आले. रंगनाथनं ते अख्ख्या बसला ऐकू जाईल असे लावले.

पहिल्यात नुसता वारा होता. दुसऱ्यात कोणीतरी अरबीत ओरडत होतं. तिसऱ्यात नंदू बोलला.

"रंग्या, भिंत उभी हाय. बाबानं ब्रेकरवाल्याला हाकललान. त्या कन्सल्टंटाला फोनवर धरलान. पण तुझी भिंत अर्धी उसवायची हाय, बाबाला सगळे जुने दगड परत हवेत. मी ते दुखान गावच्या रस्त्याला ढिगावर टाकलेत. उद्या जुम्मा, माझी सुट्टी, आणि मी जाणार उन्हात दगड शोधत. तू ये फक्त, तुला दाखवतो मी."

रंगनाथनं निरोप परत लावला. तिसऱ्यांदा लावल्यावर पुढच्या सीटवरचा कोरियन माणूस टाळ्या वाजवू लागला. त्याला काय कळलं ते त्यालाच ठाऊक. अभिजितनं डोळे मिटले. चर्चच्या आत काय असतं ते दोघांनाही आजतागायत माहीत नाही. उर्वीला लोहचुंबक बर्लिनच्या विमानतळावर मिळालं, आणि त्यावर ड्रेस्डेन नाही, बर्लिनचं अस्वल आहे.

शनिवारी सकाळी सहाला रंगनाथ साइटवर हजर. पावणेचारशे तांबूस दगड नंदूनं अंगणात ओतून ठेवले होते, आणि स्वतः सावलीत झोपला होता, रागानं. दहाच्या आत जेवढं होईल तेवढं करायचं. रंगनाथनं वर चढून स्वतःच्याच भिंतीतला वरचा पांढरा दगड छिन्नीनं सोडवला, हळूच, टवका न उडवता, आणि खाली दिला. मग दुसरा. दानियाल खाली उभा होता. त्याला हे बघवेना. परवा हीच भिंत वाचवायला तू तिकडून एवढा जीव काढलास, आणि आज स्वतःच पाडतोस, दुःख होत नाही का, असं त्यानं विचारलं.

"तोड कहाँ रहा हूँ, दानियालभाई," रंगनाथ म्हणाला. "वो जुना दगड दे इधर. नहीं, वो नहीं, उसके बाजू का. पहले टिचकी मार के सुना."

दानियालनं इकडे तिकडे बघितलं, कोणी साहेब आसपास नाही अशी खात्री केली, आणि दगडाला टिचकी मारली.